नेम माझा, कागद व्याह्यांचा

यंदा क्लबाच्या ज्येष्ठांच्या नेमबाजीत मी भल्याभल्यांना पाणी पाजणार, हे मी कितीतरी आधीच जाहीर करून टाकलं होतं. दूधवाल्याला सांगितलं, इस्त्रीवाल्याला सांगितलं, लिफ्टमध्ये माझ्याबरोबर अडकलेल्या एका अनोळखी गृहस्थांना तर अगदी सविस्तर सांगितलं. ते गृहस्थ सुटका झाल्यापासून जिन्यानेच ये-जा करतात!

"आणि नाही जमलं तर?" बायकोने विचारलं.

"न जमायला काय झालं?"

"गेल्या वर्षी काय झालं होतं?"

आमच्या घरात गेल्या वर्षाचा विषय निघाला की मी पाणी प्यायला उठतो. कारण गेल्या वर्षी माझ्या पाच गोळ्यांपैकी एक लाकडी चौकटीला लागली होती, दुसरी नंबराच्या पाटीला, आणि उरलेल्या तिघींचा ठावठिकाणा आजतागायत लागलेला नाही. स्पर्धा संपल्यावर शिट्टीमास्तर माझ्याजवळ आले. हे आमच्या क्लबाचे पंच. गळ्यात कायम शिट्टी असते म्हणून हे नाव. अंघोळीच्या वेळीही ती काढत नसावेत, कारण दोरा नेहमी ओला असतो.

"काका," ते म्हणाले, "पुढच्या वर्षी पाचही गोळ्या निशाणाच्या कागदावर दिसल्या पाहिजेत. काळ्या वर्तुळात नको, माझी तेवढी अपेक्षाच नाही. नुसत्या कागदावर! नाही दिसल्या, तर मग तुम्ही तिथे."

'तिथे' म्हणजे कुंपणालगतच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या. ज्यांची नेमबाजी संपली ते तिथे बसतात, चहा पितात आणि दुसऱ्यांच्या नेमाला टाळ्या वाजवतात. त्यातले एक आजोबा झोपेतच टाळ्या वाजवतात. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. मला ती माझ्याकडे बघून हसल्याचा भास झाला.

दोष खरं तर दुर्बिणीचा होता. मी निवृत्त झालो तेव्हा आमच्या व्याह्यांनी, म्हणजे सुनेच्या वडिलांनी, मला रायफलीवर बसवायची दुर्बीण भेट दिली. स्वतःसाठीही तशीच घेतली. "व्याहीबुवा, आता आपली जोडी!" असं म्हणून मला मिठी मारली. व्याह्यांची भेट ही अशी वस्तू आहे की ती परत करता येत नाही, कपाटात ठेवता येत नाही, आणि आवडत नाही असं तर चेहऱ्याच्या एका सुरकुतीनेसुद्धा सुचवता येत नाही. मग मी ती वापरू लागलो. आकाराने थर्मासएवढी, वजनाने भरलेल्या थर्मासएवढी!

तिच्यातून सगळं दिसायचं. तीच तर तक्रार होती! कागदाच्या टाचण्या दिसायच्या, कागदावरून चाललेली मुंगी दिसायची, त्या मुंगीचं आज काहीतरी बिनसलंय हेसुद्धा दिसायचं. आणि या सगळ्यावर एक लाल ठिपका, जो माझ्या छातीच्या प्रत्येक ठोक्याला टुणकन उडी मारायचा. मला नेम धरल्यासारखं वाटायचंच नाही, हृदयाची तपासणी करून घेतल्यासारखं वाटायचं. चाप ओढताना वाटे, आता कुणीतरी म्हणणार, "कपडे घाला आणि बाहेर बसा."

मग एका रविवारी सरावाला गेलो असताना ती दुर्बीण निखळली. आदल्याच दिवशी मी तिचा स्क्रू घट्ट केला होता. म्हणजे तेव्हा तरी मला तसं वाटलं होतं. ती रायफलीवरून घसरली, चटईवरून घरंगळली आणि माझ्याच चहाच्या मगात डोकं खाली करून उभी राहिली. व्याही त्या दिवशी आले नव्हते हे माझं नशीब! मी उघड्या रायफलीकडे पाहिलं. कित्येक वर्षांनी तिचा चेहरा दिसत होता. डोळ्याजवळ लोखंडात कापलेली एक खाच आणि पार पुढे, नळीच्या टोकाला, उभी बारीक काडी. बस्स! ना बॅटरी, ना ठिपका, ना मुंगी.

मी गाल दस्त्याला टेकवला. काडी खाचेत आणली. दोन्ही बाजूंना उजेडाची सारखीच फट. वरची कड सरळ रेषेत. पलीकडे काळं वर्तुळ धूसर, जणू त्याला काही देणंघेणंच नाही. आणि एकदम आठवलं की हे असंच असतं! लांबचं नीट दिसलं नाही तरी चालतं, फक्त आपल्या हातातली काडी नीट ठेवायची. छातीचे ठोके आपले आपण चालू होते, मला दाखवायला येत नव्हते. मैदानाच्या टोकाला सरावासाठी टांगलेली जुनी लोखंडी पाटी आहे. मी श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला.

टण्ण!

मी रायफल रिकामी करून खाली ठेवली आणि एकटाच हसत बसलो. कुंपणाजवळचे आजोबा झोपेत टाळ्या वाजवत होते. पहिल्यांदाच त्यांचा अंदाज बरोबर आला होता.

आता तुम्ही म्हणाल, मग अडचण काय? अडचण अशी की तो 'टण्ण' पुन्हा काही येईना. लांबच्या चष्म्यातून कागद दिसे पण काडीचं गवत होई. वाचायच्या चष्म्यातून खाच दिसे, बाकी सगळीकडे धुकं. दोन्हींचा मिळून एक चष्मा आहे, तो घातला तर वरच्या काचेतून एकदा, खालच्या काचेतून एकदा, असं पाणी पिणाऱ्या कोंबडीसारखं मानेचं वरखाली चाले. "काका, मान दुखतेय का?" शिट्टीमास्तरांनी विचारलं. त्यांची नजर खुर्चीकडे गेली. माझीही गेली.

तेव्हा मी ठरवलं की बरोबर त्या काडीच्याच अंतराचा चष्मा करून घ्यायचा. ना जवळचा, ना लांबचा. मधला!

"रायफल घेऊन दुकानात जाणार?" बायको किंचाळली.

"मी वेडा आहे का? मी माप घेऊन जाणार!"

माप म्हणून मी झोपायच्या खोलीतली पडद्याची दांडी काढली. ती जवळपास रायफलीएवढीच आहे. तिच्यावर खाचेच्या जागी एक आणि काडीच्या जागी एक, अशा खुणा केल्या, आणि निघालो. दांडी काढली की पडदाही खाली येतो, हा मुद्दा त्या वेळी माझ्या लक्षात आला नाही. बायकोच्या मात्र आला. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईंनी तिच्याकडे बघून हात हलवला तेव्हा!

चष्मेवाली मुलगी तरुण होती, गंभीर होती. दुकानात आणखी एक बाई डोळे तपासायला बसल्या होत्या. त्यांच्या नाकावर ती तपासणीची गोल, जड, लोखंडी फ्रेम होती.

"कुठल्या अंतराचा हवाय?" चष्मेवालीने विचारलं.

"नळीच्या टोकाएवढ्या."

"कसल्या नळीच्या?"

"बंदुकीच्या."

शेजारच्या बाई ताठ झाल्या.

"म्हणजे असं बघा," मी समजावून सांगू लागलो. मी दांडी उचलली, गालाला लावली, एक डोळा मिटला आणि भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यावर नेम धरला. "समोर जो कुणी असेल तो मला स्पष्ट दिसायची काही गरज नाही. तो धूसरच असू दे! तो स्पष्ट दिसला की माझा हात थरथरतो."

"अगं बाई!" शेजारून आवाज आला.

"पूर्वी दुर्बिणीतून मारायचो. पण सगळं इतकं जवळ दिसायचं की त्यात मजाच राहिली नव्हती," मी म्हणालो. "आता कसं, साधं, उघड्या डोळ्यांनी. खरं सांगतो, तरुण झाल्यासारखं वाटतं!"

बाई उठल्या आणि दाराबाहेर गेल्या. म्हणजे चालत नाही, पळत. नाकावरच्या फ्रेमसकट!

"माझी फ्रेम!" चष्मेवाली ओरडली. "परदेशी आहे हो ती!"

माझ्यामुळे मुलीचं नुकसान नको म्हणून मी बाईंच्या मागे धावलो. दांडी हातातच राहिली. आता बाईंच्या बाजूने विचार करा. तपासणीच्या काचांमधून त्यांना रस्ते दोन दिसत होते, रिक्षा दोन दिसत होत्या, आणि मागून दांडी घेतलेले दोन म्हातारे "बाई, थांबा! घाबरू नका! फक्त तेवढी काढून द्या!" असं ओरडत येत होते. त्या फळांच्या गाडीला एक प्रदक्षिणा घालून केश कर्तनालयात शिरल्या. आतून कुणीतरी फ्रेम बाहेर ठेवली आणि दार लावून घेतलं. मी ती उचलली, "धन्यवाद!" म्हणालो, आणि परत येऊन तपासणीला बसलो. चष्मेवालीने मला खुर्ची जरा लांबच दिली. पण काम चोख केलं.

चष्मा आला तो जादूचाच! काडी अशी दिसू लागली, जशी कुणी नुकतीच धारदार करून ठेवलीय. फक्त त्या एका अंतराच्या अलीकडे आणि पलीकडे जगात काहीच उरलं नाही. मी कौतुकाने तो दिवसभर घालू लागलो. बसचा नंबर दिसत नसे म्हणून येईल त्या बसमध्ये बसे. रस्त्यात कुणीतरी हात जोडून नमस्कार करतंय असं वाटून मी थांबून विचारपूस केली, तर तो गाडी धुणारा माणूस फडकं पिळत होता. तो म्हणाला, "घरी सगळे मजेत आहेत."

आणि संध्याकाळी जेवायच्या टेबलाशी बसलो. आमच्या टेबलाची रुंदी बरोबर तेवढीच आहे! समोर बायको होती. अगदी स्वच्छ. भुवईजवळचा तीळसुद्धा. तो तिथे आहे हे मी विसरूनच गेलो होतो.

"काय बघताय?"

"काही नाही. अंतर बरोबर आहे."

"पडद्याची दांडी कधी लावताय?" ती म्हणाली. पण कान थोडे लाल झाले होते. तेही दिसले.

स्पर्धेचा दिवस उजाडला. बायको विणकाम घेऊन बरोबर आली. "जायचीच वेळ आली तर खुर्चीपर्यंत सोबत नको का?" असं म्हणाली. मैदानावर पोचलो तर व्याही आधीच हजर! माझी उघडी रायफल बघून त्यांचा चेहरा पडला.

"व्याहीबुवा! दुर्बीण?"

"दुरुस्तीला दिलीय," मी म्हणालो. चहात बुडाली होती हे तपशिलात कशाला सांगायचं?

"अरेरेरे! मग माझी घ्या!"

"छे छे! भलतंच काय!"

"मी आपला दुर्बिणीशिवाय मारतो," व्याही म्हणाले.

"मुळीच नाही! तुमच्या दुर्बिणीला मी हातसुद्धा लावणार नाही." हे मी मनापासून म्हणालो.

"मग निदान माझी जागा तरी घ्या. इथे वारा लागत नाही."

आता व्याह्या-व्याह्यांचं 'आधी तुम्ही' सुरू झालं की ते आवरायला बाहेरचा माणूस लागतो. मी त्यांच्या चटईवर गेलो. ते माझ्या चटईवर गेले. मग त्यांना तिथे ऊन लागतंय असं मला वाटलं, म्हणून मी त्यांना परत बोलावलं. मग माझ्या कोपराखाली खडा आहे असं त्यांना वाटलं. मुलगी दिलेल्या घरातल्या माणसाला खडा टोचला तर जन्मभर बोलणं राहील, म्हणून पुन्हा अदलाबदल. आम्ही दोघं रायफली खाली ठेवून त्या दोन चटयांवरून असे ये-जा करत होतो, जसे फाटकाशी निरोप घेणारे पाहुणे. शेवटी शिट्टी वाजली आणि ज्याला जी चटई सापडली तिच्यावर तो आडवा झाला.

या धांदलीत आपला कागद उजवीकडचा की डावीकडचा, हे मला कुणी सांगितलं नाही. आणि नंबराची पाटी दिसावी असा माझा चष्माच नव्हता! समोर दोन काळे, धूसर, सज्जन ठिपके होते. मी माझ्या आतल्या आवाजाला विचारलं. त्याने एक निवडला.

मग मात्र सगळं विसरलो. काडी, खाच, दोन बाजूंचा उजेड. श्वास अर्धा. चाप. पुन्हा. शेजारी व्याही पुटपुटत होते, "थांब रे, थांब रे!" बहुधा लाल ठिपक्याला म्हणत असावेत. मला ऐकू येत होतं पण त्याकडे लक्ष जात नव्हतं. पाचवी गोळी सुटली तेव्हा वाईट वाटलं, की संपल्या!

पुन्हा शिट्टी. रायफली रिकाम्या झाल्या. शिट्टीमास्तर कागद घेऊन आले आणि माझ्यापुढे एक कोरा करकरीत कागद धरला. इतका कोरा, की त्यावर अर्ज लिहिता आला असता.

"काका," ते हळूच म्हणाले, "एकही नाही."

मी खुर्चीकडे पाहिलं. त्या अंतरावरून ती दिसत नव्हती, पण होती.

एवढ्यात व्याह्यांचा कागद उलगडला गेला आणि आजूबाजूची मंडळी "अरे!" म्हणाली. त्यावर दहा भोकं होती! पाच काळ्या वर्तुळाच्या मधोमध, एका बशीत मावतील अशी. बाकीची पाच कागदभर पांगलेली, जशी आजीने बोलावल्यावर नातवंडं पांगतात.

"तुम्ही यांच्या कागदावर मारलंत!" शिट्टीमास्तर म्हणाले.

"मधली पाच माझी!" मी म्हणालो.

"मधली माझी!" व्याही म्हणाले. मग लगेच ओशाळून, "म्हणजे, तुमची असतील तर तुमची, व्याहीबुवा."

"छे छे, तुमचीच असतील."

"नाही नाही, आधी तुम्ही..."

"पुरे!" शिट्टीमास्तरांनी शिट्टीच वाजवली. "नियम स्पष्ट आहे. कुठली कुणाची हे ओळखता येत नसेल, तर ज्याचा कागद त्याची त्यातली सगळ्यात चांगली पाच. चषक यांचा! आणि काका, तुमच्या कागदावर शून्य. तेव्हा आता..." त्यांनी हाताने कुंपणाची दिशा दाखवली.

"एक मिनिट." विणकाम बाजूला ठेवून बायको उठली. "तुम्ही यांना काय अट घातली होती?"

"पाचही गोळ्या कागदावर दिसल्या पाहिजेत."

"दोघांनी मिळून किती मारल्या?"

"दहा."

"त्या कागदावर भोकं किती?"

शिट्टीमास्तरांनी मोजली. मग कागद फिरवून दुसऱ्या बाजूने मोजली. "दहा."

"मग यांची पाच कुठलीही असोत, कागदावरच आहेत ना? कुणाचा कागद, ते तुम्ही म्हणाला नव्हतात."

शिट्टीमास्तरांनी शिट्टी तोंडात धरली, मग तोंड उघडलं. शिट्टी तोंडातून खाली पडली. मला बायकोचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता. पुढे घरी जाताना ती म्हणाली, "तुम्ही खुर्चीत बसलात की महिन्याभरात क्लब सोडणार आणि रविवारी सकाळी घरात माझ्या मागेमागे फिरणार. मला ती सकाळ हवी आहे." पण ते नंतर. तेव्हा तरी अभिमानच वाटला.

"बरं," शिट्टीमास्तर म्हणाले. "काका खेळतील. पण एका अटीवर! दर वेळी यांच्या मागे बसून कुणीतरी कागद कुठला ते सांगायचं. काकू, तुम्हीच बसा."

"दर रविवारी?" बायकोचा आवाज बारीक झाला.

"दर रविवारी. आणि काका, आणखी एक." त्यांनी माझ्या चष्म्याकडे निरखून पाहिलं. "परवा पडद्याची दांडी घेऊन माझ्या बायकोच्या मागे केश कर्तनालयापर्यंत धावलेला म्हातारा... तो तुम्हीच का?"

मी पाणी प्यायला उठलो.

तर आता दर रविवारी मी चटईवर असतो आणि मागे विणकामाच्या सुयांचा आवाज असतो. मध्येच हुकूम येतो, "डावीकडचा! अहो, तुमचा डावा!" मग ठो! आणि शेवटी लोखंडी पाटीवर एक टण्ण! तिचा स्वेटर जवळजवळ पुरा होत आलाय आणि ती हल्ली निघायची घाई माझ्याआधी करते.

व्याह्यांनी तो दहा भोकांचा कागद चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावला आहे. आम्ही गेलो की मी सोफ्यावरून उठतो, त्या कागदापासून बरोबर चष्म्याच्या अंतरावर जाऊन उभा राहतो आणि ती मधली पाच भोकं डोळे भरून बघतो. व्याह्यांना गहिवरून येतं. "किती मोठं मन!" ते आमच्या विहीणबाईंना म्हणतात. "हरले, पण कौतुक बघ कसं करतात!" मग माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगतात, "व्याहीबुवा, अजून ऐका माझं. ते लोखंडी खेळणं सोडा. दुर्बीण लावा."

परवा तिथून परत आल्यावर जेवायला बसलो. मी म्हणालो, "काय नेम होता! पाचच्या पाच!"

"ती पाच तुमचीच कशावरून?" बायकोने विचारलं.

"कशावरून म्हणजे? मारताना इतकी मजा आली!"

"मजा काय, पांगलेल्या पाचांच्या मालकालाही आली असेल."

मी घास तसाच धरून बसलो. एवढ्या दिवसांत हा विचार माझ्या मनाला एकदाही शिवला नव्हता! मी समोर पाहिलं. टेबलाची रुंदी बरोबर होती, चष्मा डोळ्यावर होता, आणि ती तोंडाला पदर लावून हसत होती. हसताना तो भुवईजवळचा तीळ वर सरकतो.

चष्मेवालीचं काम मात्र खरंच चोख आहे.